बुद्धिबळातल्या बर्लिन डिफेन्स या सुरुवातीच्या मुख्य प्रकारात काळ्याचा राजा कॅसलिंगविना (राजाला हत्तीच्या आडोशाला नेणाऱ्या चालीविना) अडकतो, तरी काळा का हरत नाही?

कारण आठव्या चालीलाच दोन्ही वजीर पटावरून जातात आणि उघड्या राजावर हल्ला करायला पांढऱ्याकडे पुरेसा दारूगोळा उरत नाही. काळ्याची सी-पट्टीवरची प्यादी एकामागे एक येतात, हे खरंच दुखणं. पण बदल्यात काळ्याकडे दोन्ही उंट टिकून राहतात आणि त्याचा एफ५ या घरातला घोडा मोक्याच्या जागी बसतो. २००० साली लंडनच्या जागतिक अजिंक्यपद लढतीत व्लादिमीर क्रामनिकने हीच भिंत उभी केली, आणि तेव्हाचा जगज्जेता गॅरी कास्पारोव्हला पंधरा डावांत एकही विजय मिळाला नाही. एक मात्र सांभाळा: सरसकट मोहरी मारामारी करून संपवू नका. नुसत्या प्याद्यांचा शेवट बहुतेकदा पांढराच जिंकतो, कारण राजाच्या बाजूला त्याची चार प्यादी तिनांवर भारी पडतात.