गाळ पहिल्यांदा कधी आला?

मुंबई बंदराच्या पाण्यातल्या एका बेटावरून एका डोलकराचे पत्र आले आहे. जेट्टीपर्यंतचा मार्ग खोल करायला ड्रेजर, म्हणजे गाळ उपसणारे जहाज, लागला. उपसलेला गाळ भरतीबरोबर यांच्या डोलीत, म्हणजे खुंट्यांना बांधलेल्या पिशवीसारख्या जाळ्यात, येऊ लागला आणि गावकीने घरागणिक वाटून दिलेल्या खुंट्यांच्या जागा बुजल्या. करंदी, मांदेली गेली. खडकांवरची शिंपल्यांतली कालवेही गेली. मत्स्यव्यवसाय कार्यालयापासून जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत नऊ अर्ज झाले, उत्तर एकाचेही नाही. आता विचारतात, "उत्तर येईपर्यंत थांबू, की हरित न्यायाधिकरणात जाऊ?" उरणपासून वसईपर्यंतच्या किनाऱ्यावरून अशी पत्रे माझ्यासारख्या वकिलाकडे दरवर्षी येतात.

नुकसान झाले का, समुद्रावर तुमचा हक्क आहे का, यात आज शिरत नाही. ठाणे खाडीवरच्या तिसऱ्या पुलाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये पारंपरिक मच्छीमारांचा वहिवाटीचा हक्क मानला आणि त्यांना भरपाई मिळायला हवी असे म्हटले. तुमचे सगळे प्रकरण एका तारखेवर उभे आहे, आणि ती तारीख तुम्हीच लिहून दिलेली आहे.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायदा, २०१० मधल्या कलम १५ प्रमाणे भरपाईचा अर्ज कारण 'पहिल्यांदा' घडल्यापासून पाच वर्षांत करावा लागतो. पुरेसे कारण दाखवले तर आणखी जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. त्यापुढचा उशीर माफ करण्याचा अधिकार कायद्याने न्यायाधिकरणाला दिलेलाच नाही. कलम १४ खाली वाद नेण्याची मुदत तर सहा महिन्यांचीच होती, ती केव्हाच गेली. भरपाई, आणि बुजलेल्या जागा पूर्ववत करून मागणे, यासाठी आता कलम १५ हाच रस्ता उरला आहे.

तुमचा हिशेब २०२४ च्या दुसऱ्या उपशापासून आहे. पण पत्राला जोडलेला पहिला अर्ज पाहा, १४ फेब्रुवारी २०२२ चा. त्यात तुमच्याच अक्षरात आहे: 'गेल्या दिवाळीपासून डोलीत गाळ येत आहे.' ती दिवाळी २०२१ ची, लक्ष्मीपूजन ४ नोव्हेंबरला. समोरचा वकील हाच कागद पुढे करील आणि तिथूनच मोजील. म्हणजे यंदाच्या नोव्हेंबरच्या सुरुवातीला पाच वर्षे संपतात आणि वरचे ६० दिवस जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. दर हंगामात नवे नुकसान होते म्हणून मुदतही नव्याने सुरू होते, असा युक्तिवाद करता येतो आणि मी तो करीनही. पण 'पहिल्यांदा' हा शब्द आडवा येतो. बायकापोरांचे पोट त्या युक्तिवादावर टांगू नका.

नऊ अर्जांनी मुदत एका दिवसानेही थांबलेली नाही. हे स्पष्टच बोलतो, कारण दर वर्षी कोणीतरी पोच घेतलेल्या अर्जांची जाडजूड फाईल घेऊन येतो आणि मला त्याला परत पाठवावे लागते. दुसऱ्याच वर्षी कोणा वकिलाला विचारले असते तर आज ही धावपळ नसती. लाँच बंद होती, पावसाळा होता, हे मला समजते. पण पाच पावसाळ्यांच्या मधले दिवसही होते.

नावेचा परवाना तुम्ही २०२३ पासून नूतनीकृत केलेला नाही. का, ते पत्रात नाही. तो आधी करून घ्या. त्याआधीच्या नुकसानीचा दावा यामुळे बुडेल असे मला वाटत नाही, पण नंतरच्या हंगामांबद्दल समोरचे बोट दाखवतील.

खरी काळजी मला बायकांची आहे. ओहोटीला कोयतीने कालवे फोडणाऱ्या, चिखलात निवट्या आणि चिंबोऱ्या धरणाऱ्या बायकांकडे ना परवाना, ना मच्छीमार सोसायटीची पावती. अर्जदारांची यादी होडीच्या मालकांवरून केली की त्या बाहेर राहतात. त्यांना स्वतःच्या नावाने अर्जदार करा. कोण कुठल्या खडकावर जायची, कालवे कोणाला विकायची, हे प्रत्येकीच्या प्रतिज्ञापत्रात येऊ द्या, आणि विकत घेणाऱ्या बाईचेही प्रतिज्ञापत्र घ्या. न्यायाधिकरण पुराव्याच्या कायद्याच्या काटेकोर नियमांना बांधलेले नाही, त्यामुळे मोबाईलमधले फोटो आणि सोसायटीच्या डिझेल-बर्फाच्या वह्याही उपयोगी पडतात. गावकीच्या वहीतली खुंट्यांची वाटणी मूळ प्रतीतच जपा.

फी मागितलेल्या रकमेच्या एक टक्का असते, म्हणून आकडा फुगवू नका. दारिद्र्यरेषेखालच्यांना फी माफ आहे.

किती मिळेल, ते सांगत नाही. २७ फेब्रुवारी २०१५ ला न्यायाधिकरणाच्या पुण्याच्या खंडपीठाने उरणच्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना प्रत्येकी ५ लाख ८४ हजार, म्हणजे एकूण ९५ कोटी १९ लाखांवर भरपाई मंजूर केली होती. तो निकाल तुमच्या अर्जात यायलाच हवा. पण ते प्रकरण पुढे वरच्या न्यायालयांत गेले आणि रेंगाळले. अर्ज सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे याच कायद्यात लिहिलेले असताना म्हाताऱ्या कोळ्यांनी वर्षानुवर्षे वाट पाहावी, याचा मला संताप येतो. तुमच्याही वाट्याला हे येऊ शकते. त्यासाठी घरात तयारी ठेवा.

अर्ज ऑनलाइन दाखल होतो, पण प्रतिज्ञापत्रांसाठी सगळ्यांना एकदा उरणला यावे लागेल. उधाणाचे दिवस सोडून लाँच ठरवा आणि गणपती झाले की लगेच या, दिवाळीची वाट पाहू नका. तो फेब्रुवारी २०२२ चा कागद लपवू नका, कार्यालयात त्याची प्रत आहेच. अर्जात गाळ पहिल्यांदा आल्याची खरी तारीख लिहू, आणि त्या तारखेपासून मोजूनही मुदतीत बसू.