क्लॉक एकाचंच: डिजिटल प्रोसेसरबद्दल वाचकांचे प्रश्न

लग्नसराई सुरू झाली तशी साऊंडवाल्या मंडळींचे प्रश्नही वाढले. या वेळी बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडली आहे, ते म्हणजे प्रोसेसरमधलं इनपुट आणि क्लॉकचं पान. प्रोसेसर म्हणजे मिक्सर आणि अॅम्पच्या मधे बसून आवाज सावरणारं यंत्र, आणि क्लॉक म्हणजे त्याला आतून ठेका देणारं घड्याळ. अॅनालॉगवर वर्षानुवर्षं हात बसलेला माणूसही ते पान उघडतो आणि काहीच न बदलता बंद करतो. म्हणून आज तेवढंच घेऊ.

अक्कलकोट रोडवरच्या एका मंगल कार्यालयाचा साऊंड मी बघतो. डिजिटल मिक्सरमधून प्रोसेसरला आधी साध्या अॅनालॉग वायरी होत्या, आता एईएस (आवाज डिजिटलच नेणारी) केबल लावली. आवाज स्वच्छ झाला, पण दर दोन-तीन सेकंदांनी बारीक 'टिक' येते. दुपारी जास्त. केबल दोनदा बदलून झाली. – अक्कलकोट रोड

तिसरी केबल घेऊ नका. केबलमध्ये दोष असला की आवाज कधीही तुटतो, आणि केबल हलवली की जास्तच तुटतो. तुमची टिक ठरावीक अंतरानं येते. म्हणजे दोन क्लॉकचा मेळ बसत नाही.

मिक्सर आणि प्रोसेसर, दोघांच्याही पोटात आपापला क्रिस्टल असतो. दोघंही सेकंदाला ४८,००० सॅम्पल (आवाजाचे बारीक नमुने) मोजतात खरे, पण भिंतीवरची दोन घड्याळं जशी कधी तंतोतंत चालत नाहीत, तसंच यांचंही. दहा लाखांत दहाचा फरक धरला तरी सेकंदाला ०.४८ सॅम्पल, म्हणजे साधारण दर दोन सेकंदांनी एक सॅम्पल जास्त होतो नाहीतर कमी पडतो. तीच तुमची टिक. शिवाय क्रिस्टलची गती तापमानाप्रमाणे किंचित सरकते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा चाळिशीपार जातो, तेव्हा पत्र्याखालच्या रॅकचं काय होत असेल ते तुम्ही रोज बघता. दुपारी टिक वाढते ती बहुधा त्यामुळंच.

आता सेटिंग. प्रोसेसरवर इनपुट 'एईएस' निवडलं की काम झालं असं बऱ्याच जणांना वाटतं. पण क्लॉक सोर्स ही वेगळी निवड आहे आणि ती 'इंटरनल'वरच राहून गेलेली असते. ती 'एईएस' करा. एईएसच्या सिग्नलमध्येच क्लॉक गुंफलेला असतो, त्यासाठी वेगळी वायर लागत नाही. मिक्सर मात्र इंटरनलवरच ठेवा. एकानं चालवायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या मागं चालायचं. काही प्रोसेसरच्या इनपुटला सॅम्पल रेट कन्व्हर्टर असतो, तो येणारे सॅम्पल आपल्या गतीत बसवून घेतो. तो चालू असेल तर परक्या क्लॉकचा सिग्नलही नीट येतो, पण दोनच यंत्रं असताना माझी पसंती सरळ एका क्लॉकला.

बदल केल्यावर तपासणी डीजेच्या गाण्यावर करू नका, त्यात टिक बुडून जाते. मिक्सरच्या ऑसिलेटरमधून एक किलोहर्ट्झचा टोन पाच मिनिटं सोडा, किंवा सनईचा एक लांब सूर लावा. मंगलाष्टकांच्या आधी सनई एका सुरावर थांबते ना, तिथं टिक आली की पहिल्या रांगेतला माणूससुद्धा मान वळवतो.

सेटिंग तसंच केलं आहे. पण मिक्सर आधी बंद केला की टॉपमधून (वरच्या स्पीकरमधून) 'खर्र' येतं. – जुळे सोलापूर

मिक्सर बंद झाला की क्लॉकच गेला, आणि प्रोसेसर निराधार झाला. चालू करताना मिक्सर, मग प्रोसेसर, शेवटी अॅम्प. बंद करताना बरोबर उलट. लाईट जाऊन जनरेटर सुरू होईपर्यंत हीच गत होते, तेव्हा निदान मिक्सर आणि प्रोसेसर यूपीएसवर घ्या. खर्र जोरात आलं तर ट्विटरवर, म्हणजे उंच सुरांच्या स्पीकरवर, बेतू शकतं.

देवळातल्या कीर्तनाचं रेकॉर्डिंग घरी लावलं तर बुवांचा आवाज जड आणि संथ वाटतो. रेकॉर्डर मिक्सरला डिजिटल जोडला होता.

बुवांचा गळा ठणठणीत आहे. तुमचा रेकॉर्डर ४४.१ किलोहर्ट्झवर (सेकंदाला ४४,१०० सॅम्पल) सेट होता, पण क्लॉक घेत होता ४८ वर चालणाऱ्या मिक्सरकडून. त्यानं सॅम्पल ४८ च्या गतीनं लिहिले आणि फाईलवर शिक्का मारला ४४.१ चा. घरी फाईल शिक्क्याप्रमाणे वाजते, म्हणजे सावकाश. सूर जवळजवळ दीड पट्टी खाली येतो: पांढरी चारमध्ये गायलेलं पांढरी तीन आणि काळी दोनच्या मधे कुठंतरी लोंबकळतं, पेटी लावून बघा, कुठल्याच पट्टीशी जुळणार नाही. तासाभराचं कीर्तनही सव्वापाच मिनिटांनी लांबतं.

यात एक सॅम्पलही हरवलेला नाही. ऑडिओ एडिटरमध्ये फाईलचा रेट ४८,००० असा नुसता बदला. 'रीसॅम्पल' किंवा 'कन्व्हर्ट' करू नका, त्यानं चूक कायमची होईल. आवाज जागेवर आला की मगच सेव्ह करा, आणि मूळ फाईल पुसू नका. कीर्तन पुन्हा तसंच होत नसतं.

चार यंत्रांना बीएनसी जोडणीच्या केबलनं वर्ड क्लॉक (नुसत्या क्लॉकचा वेगळा सिग्नल) दिला आहे. शेवटच्याचा लॉकचा (क्लॉक जुळल्याचा) दिवा लुकलुकतो. – होटगी रोड

दोन गोष्टी बघा. केबलवर काय छापलंय? वायरलेस सेटची आरजी-५८ केबल दिसायला तशीच, पण ती ५० ओहमची. वर्ड क्लॉकला ७५ ओहमची लागते. दुसरं, टी आकाराचे फाटे जोडत एका यंत्रावरून पुढच्यावर गेला असाल तर फक्त शेवटच्या यंत्राला ७५ ओहमचं टर्मिनेशन (केबलच्या टोकाला लागणारा रोध) हवं. काही यंत्रांत ते बटणावर असतं. मधल्यांपैकी एखाद्याचं चालू राहिलं तर सिग्नल तिथंच खचतो आणि शेवटच्याला उरतं ते अपुरं.

माझ्याकडं एकच प्रोसेसर आहे, इनपुट अॅनालॉग. महागडा बाहेरचा क्लॉक घेतला तर आवाज सुधारेल का?

एकच प्रोसेसर आणि इनपुट अॅनालॉग, म्हणजे मेळ बसवायला दुसरा क्लॉकच नाही. इंटरनलवर ठेवा. पैसे चांगल्या माईकवर घाला.

मिक्सरचा लाल (पातळी भरल्याचा) दिवा लागत नाही, पण प्रोसेसरच्या इनपुटचा लागतो. अॅम्प कमी केला तरी आवाज फाटतोच. – बाळे

अॅम्पपर्यंत पोचण्याआधीच तो फाटलेला आहे. तुमचा मिक्सर +२४ डीबीयूपर्यंत (डीबीयू म्हणजे सिग्नलच्या पातळीचं माप) देतो आणि प्रोसेसरचं इनपुट +२० ला भरतं, असं समजा. मग मिक्सरला अजून ४ डीबी जागा दिसत असते, तेव्हाच प्रोसेसरचं भांडं काठोकाठ भरलेलं असतं. इनपुटची कमाल पातळी वाढवायची सोय असेल तर ती वाढवा. नसेल तर मिक्सरचं आऊटपुट ४ डीबीनं उतरवा आणि तेवढंच अॅम्पवर उघडा. एईएसनं जोडलंत तर हा प्रश्नच उरत नाही, कारण मिक्सरचा डिजिटल शून्य तोच प्रोसेसरचाही शून्य. फक्त मग क्लॉक सोर्स बदलायला विसरू नका.