'आणि' म्हणायचे आणि 'ऑर' लिहायचे

प्रश्न असा आहे: "शनिवार आणि रविवारच्या नोंदी दाखवा" या मराठी वाक्यानुसार प्रोग्रॅममध्ये अँड (and, म्हणजे दोन्ही अटी खऱ्या हव्यात) लिहिले तर एकही नोंद मिळत नाही, ऑर (or, म्हणजे एक अट खरी असली तरी पुरे) लिहिले की सगळ्या मिळतात. मग मराठीतला 'आणि' इथे चुकीचा आहे का?

मुळीच नाही. या वाक्यातला 'आणि' दोन गटांची बेरीज करतो: शनिवारच्या नोंदी घ्या, त्यांत रविवारच्या मिळवा. प्रोग्रॅम मात्र गटांकडे पाहत नाही. तो एकेक नोंद हाती घेऊन तिच्यापुरती अट तपासतो, आणि एकच नोंद शनिवारचीही आहे आणि रविवारचीही आहे, असे कधीच घडत नसल्याने अँडचे उत्तर प्रत्येक वेळी 'असत्य' येते. "वय 18 पेक्षा जास्त आणि 60 पेक्षा कमी" या वाक्यातला 'आणि' मात्र एकाच माणसाला दोन अटी लावतो, म्हणून तिथे अँडच हवा. हा भेद गणितज्ञ जॉर्ज बूल यांच्या तर्कशास्त्रावरच्या 1854 सालच्या ग्रंथातही दिसतो: गट एकत्र करणाऱ्या 'आणि'साठी त्यांनी बेरजेचे चिन्ह वापरले, तर एकाच वस्तूला लागू होणाऱ्या दोन गुणांसाठी गुणाकार.

'किंवा'बद्दलही थोडे सांगायला हवे. "शनिवार की रविवार?" असे विचारले की दोहोंपैकी एकाची निवड अपेक्षित असते, ऑर तशी निवड करत नाही, दोन्ही अटी खऱ्या असल्या तरी तो 'सत्य' म्हणतो. त्यामुळे ऑर वाचताना 'की' न म्हणता 'किंवा' म्हणावे, हे मला अधिक योग्य वाटते.

खरी फसगत नकारात होते. "शनिवार किंवा रविवार नसेल तर" हे मराठीत स्वच्छ कळते, पण ते जसेच्या तसे "वार शनिवार नाही ऑर वार रविवार नाही" असे उतरवले, तर ही अट आठवड्यातल्या प्रत्येक दिवशी खरी ठरते, कारण शनिवार हा रविवार नसतोच आणि रविवार हा शनिवार नसतो. 'नाही (शनिवार ऑर रविवार)' यातला नकार कंसाच्या आत नेताना ऑरचा अँड होतो, हा गणितज्ञ डी मॉर्गन यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम इथे लागू पडतो. मराठीत "शनिवारही नसेल आणि रविवारही नसेल" असे म्हटले की तो आपोआप पाळला जातो.

आणखी एक सवय मोडावी लागते. "वार शनिवार किंवा रविवार असेल तर" या वाक्यात 'वार' एकदाच म्हटला तरी चालतो, पण पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत तुलना दोन्ही बाजूंना पूर्ण लिहावी लागते. दुसऱ्या बाजूला नुसता 'रविवार' हा शब्द ठेवला, तर रिकामी नसलेली कोणतीही अक्षरमाला (अवतरणचिन्हांत लिहिलेला मजकूर) पायथॉन सत्य मानत असल्याने ती अट बुधवारीही खरी ठरते, आणि चूक असल्याचा कोणताही संदेश येत नाही.