माळ्यावरच्या संत अंतोनीला ऑइल पेंट लावू नका

आजीच्या घराची कौलं उतरवताना माळ्यावरच्या पेटीत फूटभर उंचीची लाकडी मूर्ती सापडली, नाक तुटलंय, रंगाचे पापुद्रे सुटलेत. पेंटरकडून रंगवून घेऊ की जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला देऊन टाकू, असं तुम्ही विचारलंय. दोन्ही नको. आत्ता तर नकोच.

आधी मूर्ती कुणाची ते सांगतो. तपकिरी झगा, कमरेला गाठी मारलेला दोर, डाव्या हातावर मिटलेलं पुस्तक. आता तुमच्या दुसऱ्या फोटोत पुस्तकाच्या मधोमध जे बारीक भोक दिसतंय, ते किडीचं नाही. ते मुद्दाम पाडलंय. तिथे खुंटीवर बाळ येशू बसवलेला असणार. उजव्या मुठीतही आरपार भोक आहे, त्यात लिलीची फुलं असायची. म्हणजे हे संत अंतोनी. हरवलेली वस्तू सापडावी म्हणून आपल्याकडे ज्यांना साकडं घालतात तेच, १३ जूनला ज्यांचा सण असतो ते.

रंगाबद्दल मी इतकं ठासून का सांगतोय? आमच्या घरी संत सेबस्तियनची वीतभर मूर्ती होती. तरुणपणी सणाच्या आदल्या दिवशी मी तिला चकचकीत ऑइल पेंट फासला. घरात सगळ्यांनी कौतुक केलं. बऱ्याच वर्षांनी कमरेच्या वस्त्रावरचा टवका उडाला आणि खाली नखाएवढं सोनं दिसलं. भिंगातून पाहिलं तर निळ्या रंगात बारीक पाकळ्या होत्या आणि पाकळ्यांच्या रेघा सोन्याच्या. या कामाला पोर्तुगीज नाव आहे, एस्तोफादो. लाकडावर खडू आणि सरसाचा पांढरा लेप, त्यावर तांबड्या मातीचा हात, त्यावर सोन्याचा वर्ख, आणि वर्खावर रंग. रंग पुरता वाळायच्या आत टोकदार काडीने नक्षी खरवडायची, म्हणजे खालचं सोनं वर येतं आणि कापड जरीचं वाटतं. माझ्या ऑइल पेंटखाली ते सगळं गाडलं गेलं, आणि तो काढायला गेलं तर खालचा थरही सोबत निघतो. मला त्याचं आजही वाईट वाटतं.

तुमच्या मूर्तीच्या झग्याच्या काठाला मला पिवळसर चकाकी दिसतेय. म्हणून म्हणतो, हात लावू नका. ओलं फडकं, खोबरेल, लिंबू, ब्रासो यातलं काहीही नको. सुटलेले पापुद्रे फेव्हिकॉलने चिकटवू नका. मऊ कोरड्या ब्रशने धूळ तेवढी झटका, तीही जिथे रंग घट्ट आहे तिथेच. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळू नका, पावसाळ्यात आत दमट होऊन बुरशी धरते. मूर्ती आठवडाभर काळ्या कागदावर उभी ठेवा. कागदावर ताजा भुसा पडला तर कीड जिवंत आहे, मग थांबू नका. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जुन्या वस्तूंच्या जतनाचा विभाग आहे, तिथे विचारा. गोव्याला जाणं झालं तर जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका मठातलं ख्रिस्ती कलेचं संग्रहालय नक्की पाहा. तुमच्या मूर्तीची भावंडं तिथे भेटतील.

आजी म्हणते मूर्ती वसईच्या किल्ल्यातल्या चर्चमधली आहे. आमच्या भागात अर्ध्या घरांतून हेच ऐकायला मिळतं. असेलही. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, त्यानंतर किल्ल्यातली चर्च ओस पडत गेली आणि वस्तू पांगल्या हे खरं. किल्ल्यातल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी देवळांत नेल्या, त्या आजही ओळखता येतात. पण घंटा आणि मूर्ती यांत फरक आहे. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराचं देऊळ १७४७ चं, पण तिथल्या घंटेवर साल आहे १७२१. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर नाना फडणवीसांच्या वाड्याशेजारच्या घंटेवर तर बाळ येशूला घेतलेली मरिया स्पष्ट दिसते. मी पहिल्यांदा तिच्यावरून हात फिरवला तेव्हा अंगावर काटा आला होता. अशी घंटा स्वतः बोलते. लाकडी मूर्तीवर सहसा साल नसतं, आणि कारागीर जुनंच वळण पिढ्यानपिढ्या गिरवत आले. त्यामुळे नुसती घडण बघून तिला अठराव्या शतकातली म्हणू नका.

चेहरा आणि हात बाकी अंगापेक्षा वेगळे, गुळगुळीत, पिवळट वाटताहेत का ते बघा. हस्तिदंताचे असू शकतात. तुटलेल्या नाकाच्या जागी एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघांची जाळी दिसली तर हस्तिदंत, काळे ठिपके दिसले तर हाड. सुई तापवून टोचून बघा असं कुणी सांगेल, ऐकू नका. हस्तिदंत निघालं तर विक्रीचा विषयच संपला, कायद्याने बंदी आहे. लाकूड असलं तरी शंभर वर्षांपेक्षा जुनी मूर्ती १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येते: तिची नोंदणी करावी लागते आणि ती परदेशी नेता येत नाही. व्यापारी घाई करत असेल तर त्याचं कारण यातच असतं.

एक काम मात्र याच आठवड्यात करा. आजीजवळ बसा. मूर्ती कोणत्या भिंतीला होती, समोर मेणबत्ती कोण लावायचं, नोव्हेनाला, म्हणजे सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेला, कोण कोण यायचं, माळ्यावर कधी आणि का गेली, तिच्याच शब्दांत फोनवर रेकॉर्ड करा. व्यापारी हे विचारणार नाही, पण त्या मूर्तीचं वय आणि घर ठरवायला तुमच्याकडे दुसरा पुरावा नाही.

आणि ती पेटी अजून टाकली नसेल तर तळाचा कचरा चाळणीने चाळा. बोटाएवढं लाकडी बाळ असेल, बुडाला भोक पाडलेलं. नाकाचा तुकडाही तिथेच मिळेल.