टाचणातली पहिली ओळ

प्रिय पोरी,

रविवारी तू पाठ टाचण माझ्यासमोर ठेवलंस आणि म्हणालीस, "सर, व्हिडिओ लावला, पीपीटी दाखवली, मोबाईलवर क्विझ घेतली. पोरं किती शांत बसली होती! मग दुसऱ्या दिवशी एकालाही काही सांगता का आलं नाही?"

तुझं टाचण मी तीनदा वाचलं. कोणतं साधन कितव्या मिनिटाला लावायचं, सगळं नेटकं लिहिलंयस. मूल कुठं अडतं, हे मात्र कुठंच नाही.

आधी ते लिही. साधन मग.

मिश्रा आणि कोहलर यांची २००६ सालची टीपॅकची तीन वर्तुळं, विषय, शिकवण्याची रीत आणि तंत्र, तू बिनचूक काढतेस. पण तुझ्या टाचणात तंत्राचं एकच वर्तुळ भरलंय. पाठ्यपुस्तकातला दीक्षा ॲपचा क्यूआर कोड स्कॅन केला म्हणजे नियोजन झालं, असं कुणी सांगितलं तुला?

रागावू नकोस. मी हीच चूक केली आहे. तपासणीचा दिवस होता, डिसेंबर महिना. सूर्याच्या पाठाला मी सीडीवरचं ॲनिमेशन लावलं. निवेदक म्हणाला, दुपारी सूर्य डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. "सर, पण डबा खाताना माझी सावली तर माझ्याएवढी होती." मी हातानंच तिला खाली बसवलं, कारण सीडी चालू होती. साहेबांनी 'उत्तम' असा शेरा दिला. ती मुलगी त्या वर्षात पुन्हा उठली नाही.

तिचंच बरोबर होतं गं! नागपूर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर. २२ डिसेंबरला भर दुपारी सूर्य इथं क्षितिजापासून जेमतेम ४५ अंश वर येतो, मीटरभर काठीची सावली जवळजवळ मीटरभर पडते. तो खरोखर डोक्यावर येतो वर्षातून दोनदाच. मेच्या शेवटच्या आठवड्यात, तेव्हा शाळेला सुट्टी. आणि जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, तेव्हा आभाळ भरलेलं.

आता बघ, साधनाची गरज इथं लागली. काठी पटांगणातच रोवायची, सावली पोरांनीच मोजायची. तीही सव्वाबाराच्या सुमारास, कारण घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाचं आणि आपण ७९ वर, म्हणून आपली खरी दुपार बारानंतर होते. पण मे महिना काही पटांगणात आणता येत नाही. तो स्टेलेरियममध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर आकाश दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, आणता येतो. फुकट आहे, एकदा उतरवून घेतलं की नेट गेलं तरी अडत नाही. ठिकाण नागपूर ठेव, वेळ तीच, आणि तारखा पुढं सरकव. त्याआधी प्रत्येकाचा अंदाज वहीत लिहून घे. अंदाज न लिहिता पडदा लावलास, की पुन्हा ती शांतता!

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मला जुनाट म्हणायचे. तास कॉम्प्युटरच्या खोलीत घ्या म्हटलं की मी विचारायचो, कोण कुठं अडलंय म्हणून? हट्टी म्हणा हवं तर. मी बरोबरच होतो, आजही तसंच विचारीन. त्या मुलीला मी खाली बसवलं होतं, ते काही माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

या रविवारी नवं टाचण आण. पहिल्या ओळीत तुझ्या वर्गातल्या एका पोराचं चुकलेलं उत्तर हवं, त्याच्याच शब्दांत. ते नसेल तर मी पुढचं पान उलटणार नाही. आणि दुपारची निघू नकोस, उन्हं तापायला लागली आहेत. सहानंतर ये.

तुझे सर