वाचकांचे प्रश्न : घरातला वायफाय राउटर केव्हा बदलावा?

प्रश्न : आमच्याकडे १०० एमबीपीएसचे इंटरनेट कनेक्शन होते. नुकतेच ते वाढवून ३०० एमबीपीएसचे घेतले, पण मोबाइलवर वेग मोजला की आकडा ९० ते ९४ च्या पुढे सरकत नाही. राउटर सहा वर्षांचा आहे आणि तो बदला, असा सल्ला सगळेच देतात. बदलल्यास वेग खरोखर वाढेल का?

उत्तर : आपण दिलेल्या आकड्यातच निम्मे उत्तर आहे. वायफायचा सिग्नल कमकुवत असेल, तर मोजलेला वेग सहसा स्थिर राहत नाही. तो जागेप्रमाणे आणि वेळेप्रमाणे कमीजास्त होतो. आपला वेग मात्र नेहमी ९४ च्या आसपासच येऊन थांबतो. १०० एमबीपीएस क्षमतेच्या लॅन पोर्टमधून, म्हणजे केबल जोडण्याच्या खाचेतून, प्रत्यक्षात साधारण ९४ एमबीपीएसच मिळतात, कारण उरलेली क्षमता माहितीच्या प्रत्येक तुकड्यासोबत जाणाऱ्या पत्त्यांत आणि नोंदींत खर्च होते. याचा अर्थ, अडथळा बहुधा वायफायमध्ये नसून तारेच्या वाटेवर कुठेतरी आहे. पूर्वीचे कनेक्शनच १०० चे असल्यामुळे तो आजवर आपल्या लक्षात येण्याचे कारण नव्हते.

तरीही लगेच राउटर बदलू नये. फायबरच्या पेटीपासून राउटरपर्यंत येणारी लॅन केबल आधी बदलून पाहावी. गिगाबिट (म्हणजे १००० एमबीपीएस) वेगासाठी केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या शाबूत असाव्या लागतात, तर १०० एमबीपीएससाठी दोनच जोड्या पुरतात. त्यामुळे एखादी तार तुटलेली असली किंवा टोकाशी नीट बसलेली नसली, तर दोन्हीकडची उपकरणे कोणतीही सूचना न देता १०० वर उतरतात आणि इंटरनेट सुरळीत चालल्यासारखे दिसते. केबलच्या आवरणावर ‘कॅट ५ई’ किंवा त्यावरचा प्रकार छापलेला असेल, तर ती गिगाबिटसाठी पुरेशी आहे. केबल बदलूनही आकडा तोच राहिला, तर राउटरच्या सेटिंगच्या पानावर इंटरनेटच्या पोर्टचा वेग किती दाखवला आहे ते पाहावे आणि राउटरच्या माहितीपत्रकातही पोर्टची क्षमता तपासावी. तिथे १०० असेच लिहिलेले असेल, तर मात्र राउटर बदलण्यावाचून उपाय नाही.

खोक्यावरच्या मोठ्या आकड्यावर विसंबून राहू नये, हे मी आग्रहाने सांगेन. ‘एसी १२००’ असे लिहिलेल्या राउटरचा तो आकडा म्हणजे राउटरच्या दोन बँडवरच्या (लहरींच्या पट्ट्यांवरच्या) वेगांची, २.४ गिगाहर्ट्झवरचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवरचे ८६७ यांची गोळाबेरीज असते. एक मोबाइल एरवी एका वेळी एकाच बँडवर असतो, म्हणून ही बेरीज त्याच्या वाट्याला येत नाही. शिवाय ८६७ हा हवेतल्या जोडणीचा कमाल वेग आहे. हातात साधारण त्याच्या अर्ध्यापासून दोन तृतीयांशापर्यंत येतो, आणि तोही राउटर जवळ असताना. याच वर्गातल्या अनेक स्वस्त राउटरांना पोर्ट १०० चेच असतात, त्यामुळे वायफाय कितीही वेगवान असले तरी इंटरनेट ९४ च्या पुढे जात नाही. नवा राउटर निवडताना इंटरनेटचा पोर्ट गिगाबिटचा आहे का, हे सर्वांत आधी पाहावे.

ज्यांच्या घरी आकडा असा ठरावीक जागी अडत नाही, त्यांनी तीनदा मोजणी करावी, म्हणजे दोष कोणत्या टप्प्यावर आहे ते कळते. पहिली मोजणी गिगाबिट पोर्ट असलेला लॅपटॉप राउटरला केबलने जोडून करावी, आणि ती एकदा सकाळी व एकदा रात्री घ्यावी. केबलवरही वेग कमी असेल, तर दोष कनेक्शनचा, केबलचा किंवा पोर्टचा आहे, आणि केवळ वायफाय सुधारून काही साधणार नाही. दुसरी मोजणी राउटरच्याच खोलीत, ५ गिगाहर्ट्झच्या बँडवर करावी. इथे वेग घसरत असेल, तर राउटर आणि मोबाइल यांपैकी जुने कोण, हे पाहावे लागते. केवळ २.४ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या, वायफाय ४ पिढीतल्या एका अँटेनाच्या मोबाइलची जोडणी नेहमीच्या २० मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनलवर (बँडच्या एका भागावर) ७२ एमबीपीएसच्या वर जात नाही, मग राउटर कितीही नवा असो. तिसरी मोजणी दूरच्या खोलीत करावी. जवळ वेग चांगला आणि तिथे वाईट असेल, तर प्रश्न वेगाचा नसून पोहोचीचा आहे, आणि त्याचे उत्तर पुढच्या प्रश्नात आले आहे.

प्रश्न : राउटर दाराजवळ आहे आणि शेवटच्या खोलीत सिग्नल जेमतेम येतो. वायफाय ६ किंवा ७ चा राउटर घेतल्यास पोहोच वाढेल का, की रिपीटर लावणे बरे?

उत्तर : केवळ पिढी बदलल्याने पोहोच फारशी वाढत नाही. राउटरने किती शक्तीने सिग्नल सोडावा यावर नियमांची मर्यादा असते आणि ती नव्या पिढीलाही लागू असते. नव्या पिढ्यांचा वाढीव वेग बऱ्याच अंशी जवळच्या, स्वच्छ सिग्नलवर अवलंबून असतो. वायफाय ५ एका संकेतात ८ बिट बसवते, वायफाय ६ मध्ये १० आणि वायफाय ७ मध्ये १२ बिट बसतात; पण इतकी दाटी वाचण्यासाठी सिग्नल अतिशय स्पष्ट लागतो, आणि दोन भिंतींपलीकडे तो तसा राहत नाही. त्यातच ५ गिगाहर्ट्झचे तरंग भिंतीतून जाताना २.४ च्या तरंगांपेक्षा अधिक क्षीण होतात आणि ६ गिगाहर्ट्झचे त्याहूनही थोडे जास्त.

म्हणून आधी राउटर घराच्या मध्याजवळ, उंचावर आणि मोकळ्या जागी हलवावा. लोखंडी कपाट, मोठा आरसा, फ्रिज आणि सळयांचे काँक्रीट हे सिग्नलचे मोठे अडथळे आहेत. माझ्या मते नवा राउटर घेण्याइतकेच महत्त्व जुन्याची जागा बदलण्याला आहे, आणि बहुतेक घरांत हा उपाय कधी करूनच पाहिलेला नसतो.

त्याने भागले नाही, तर शेवटच्या खोलीच्या बाजूला केबल ओढून तिथे दुसरा राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ म्हणून, म्हणजे केबलने आलेले इंटरनेट तिथे वायफायवर देण्यापुरता, लावणे सर्वांत भरवशाचे. त्यासाठी जुना राउटरही चालतो, फक्त त्यातून घरातल्या उपकरणांना नेटवर्कचे पत्ते वाटण्याची डीएचसीपी सोय बंद असावी. केबल शक्य नसेल, तर आपसातल्या संवादासाठी वेगळा बँड राखून ठेवणारी मेश यंत्रणा, म्हणजे मिळून एकच वायफाय देणाऱ्या उपकरणांचा संच, घ्यावी. साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि तेच पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. यांपैकी बिनतारी काहीही लावले, तरी दुसरे उपकरण सिग्नल नसलेल्या खोलीत न ठेवता वाटेत, जिथे सिग्नल अजून चांगला आहे तिथे ठेवावे.

प्रश्न : वेग मोजला तर भरपूर दिसतो, पण घरातले सगळे घरी असले की व्हिडिओ कॉल अडखळतो. याला उपाय नवा राउटर आहे का?

उत्तर : आपल्या बाबतीत तो असू शकतो. एका चॅनलवर एका वेळी एकाच उपकरणाला बोलता येते. सभेत एकाचे संपेपर्यंत दुसऱ्याला थांबावे लागते, तसेच हे आहे. हळू बोलणारे जुने उपकरण तेवढीच माहिती पाठवायला जास्त वेळ घेते आणि बाकीचे तिष्ठत राहतात. वायफाय ६ मध्ये एकाच चॅनलचे लहान भाग करून ते एकाच वेळी अनेक उपकरणांना देण्याची सोय आहे, मात्र तिचा लाभ घेणारी उपकरणेही त्याच पिढीची हवीत. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारे चॅनल १, ६ आणि ११ असे तीनच असल्यामुळे शेजाऱ्यांच्या राउटरांचीही तिथे गर्दी होते. म्हणून कॉलसाठीची उपकरणे ५ गिगाहर्ट्झवर न्यावीत.

त्याआधी एक गोष्ट तपासावी. कोणाचा मोबाइल त्याच वेळी फोटो किंवा व्हिडिओ क्लाउडवर चढवत असेल, तर वर जाणारी वाट भरून जाते आणि कॉलची माहिती राउटरमधल्या रांगेत अडकते. ते काम थांबवताच कॉल सुरळीत झाला, तर राउटरमध्ये ‘क्यूओएस’ची, म्हणजे कोणत्या माहितीला आधी वाट द्यायची हे ठरवण्याची, सोय शोधावी आणि तिथे अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगापेक्षा थोडी कमी ठेवावी.

प्रश्न : राउटर जुना आहे, पण वेगाची तक्रार नाही. तरीही बदलावा का?

उत्तर : उत्पादकाकडून सुरक्षेच्या सुधारणा येणे बंद झाले असेल, तर बदलावा, कारण घरातली सगळी माहिती ज्यातून जाते, ते उपकरण असे उघडे राहू नये. सुधारणा येत असतील, तर खुशाल वापरावा. मात्र वायफायची सुरक्षा ‘डब्ल्यूईपी’ किंवा ‘टीकेआयपी’ या जुन्या सांकेतिकीकरणाच्या पद्धतींवर ठेवलेली नाही ना, हे पाहावे. त्या दोन्ही पद्धती आता सुरक्षित नाहीत, आणि त्या चालू असताना जोडणीचा वेग ५४ एमबीपीएसवर मर्यादित होतो. तिथे ‘डब्ल्यूपीए२ एईएस’ किंवा २०१८ मध्ये आलेले ‘डब्ल्यूपीए३’ निवडावे. वायफाय ७ ची प्रमाणित उपकरणे जानेवारी २०२४ पासून येऊ लागली आहेत, पण घरात त्या पिढीचा एकही मोबाइल किंवा लॅपटॉप नसेल, तर केवळ त्यासाठी आज राउटर बदलण्याची गरज नाही.