आठाचे सहा

अगं,

तुझा लेख वाचला. दोन्ही खर्डे वाचले. पहिल्यात ‘सामुराई चाम्पलू’ या जपानी अ‍ॅनिमे मालिकेला दहापैकी आठ गुण होते. मग कुणीतरी म्हणालं, ‘ही तर काउबॉय बीबॉपच, फक्त हातात तलवारी दिल्यात,’ म्हणजे त्याच दिग्दर्शकाची आधीची मालिका, आणि दुसऱ्या खर्ड्यात सहा झाले. मधल्या चार दिवसांत मालिका तीच राहिली ना? मग दोन गुण नेले कुणी? वर मलाच विचारतेस, ‘काका, मला आवडलं तेच चुकलं का?’ दुसऱ्या खर्ड्यात ‘बीबॉप’ हा शब्द चौदा वेळा आलाय. पेन्सिलीने खुणा करून मोजले मी. चाम्पलूचा नायक मुगेन, त्याचं नाव पाच वेळा.

समोरचं बघ. एवढंच सांगायला पत्र लिहायला घेतलंय. एवढ्यावर थांबणार नाही, हे तुलाही माहीत आहे.

तुझे मित्र खोटं बोलत नाहीत. दिग्दर्शक एकच, शिनिचिरो वातानाबे. बीबॉप 1998ची, चाम्पलू 2004ची, दोन्ही 26 भागांच्या. दोन्हीकडे खिशात दमडी नसलेली, पोटात कावळे ओरडणारी भटकी माणसं. नशीबही सारखंच, पहिल्या वाहिनीवर दोन्ही अर्धवटच दाखवल्या गेल्या. फुजी टीव्हीवर चाम्पलू 17 भागांनंतर थांबली. सगळं मान्य. पण नाक कुणावर गेलंय याची चर्चा बारशाला ठीक असते गं. पोर विशीत आलं तरी तेच?

मारामाऱ्यांबद्दल तू एकच वाक्य लिहिलंस: ‘स्पाइकइतकी मजा येत नाही.’ संपलं? बीबॉपचा नायक स्पाइक जीत कुन डो, म्हणजे ब्रूस लीच्या शैलीने लढतो, सैल, पाण्यासारखा. मुगेनचं लढणं ब्रेकडान्समधून आलंय. तो हातांवर उभा राहतो, तलवारीच्या आधी त्याचे पाय पोचतात, लोखंडी तळाच्या गेतांवर, म्हणजे जपानी खडावांवर, तो वार झेलतो. त्याच्यासमोर मालिकेतला दुसरा तलवारबाज, जिन: पाठ ताठ, एक पाऊल, एक वार, तलवार परत म्यानात. पहिल्याच भागात हे दोघे भिडतात तेव्हा एकाच भांडणात दोन वेगळे ताल चाललेले असतात, आणि एका दृश्यातून दुसऱ्यात जाताना तबकडी खरवडल्याचा आवाज येतो. एडो काळच्या, म्हणजे शोगुन नावाच्या लष्करी सत्ताधीशांच्या जपानवर हिपहॉप वरून शिंपडलेलं नाही. मालिकेचं संकलनच त्या तालावर झालंय. मालिकेला संगीत देणारे नुजाबेससारखे हिपहॉपवाले जुन्या तबकड्यांतले तुकडे उचलून नवी चीज बांधत, आणि इथे चित्रांचंही तेच केलंय.

नावातच सांगितलंय की. ‘चाम्पुरू’ म्हणजे ओकिनावाच्या बोलीत मिसळ, सरमिसळ. तिथे कारलं, टोफू आणि अंडं एकत्र परतून त्याला ‘गोया चाम्पुरू’ म्हणतात. दारावर मिसळीची पाटी वाचून आत शिरायचं आणि शेजारच्या हॉटेलातला डोसा का नाही म्हणून भांडायचं, असं झालं हे.

आता माझं ऐक. माझ्या विशीत मी एका छोट्या साप्ताहिकात मैफलींवर लिहायचो. एका मुलीचं पहिलं मोठं गाणं होतं. तिची आई नावाजलेली गायिका. मी अख्खा लेख आईवर लिहिला. आईच्या ताना कशा, आईचा षड्ज कसा, पोरीत त्यातलं किती उतरलं. फार विद्वत्तापूर्ण लेख होता, लोकांनी वाखाणला. वर्षभराने ती एका लग्नात भेटली. म्हणाली, ‘तुम्ही लिहिलंत ते वाचलं. माझा यमन कसा झाला होता?’ मला आठवेना. खरं म्हणजे आठवायला काही नव्हतंच, दोन तास मी तिच्या आईलाच ऐकत बसलो होतो. मी काहीतरी पुटपुटलो आणि जिलबीच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. त्या पोरीचा यमन मला परत मिळणार नाही.

आणि एवढं होऊनही शहाणपण आलं का? चाम्पलू मी पहिल्यांदा चौथ्या भागावर बंद केली होती. कारण? बीबॉपची सर नाही! पुढची सात-आठ वर्षं हे मत मी छातीठोकपणे ऐकवत फिरलो. चार भागांवर! म्हणून तुझा लेख वाचून इतका चिडलोय, दुसरं काही नाही.

समोरचं बघ. चौदावा भाग परत लाव. मुगेन समुद्रात बुडतोय. हिपहॉप थांबतं आणि इकुए आसाझाकींच्या आवाजात आमामी बेटांवरचं लोकगीत सुरू होतं. मुगेन र्‍युक्यूचा, म्हणजे त्याच दक्षिणेकडच्या बेटांच्या पट्ट्यातला. मरता मरता त्याला आपल्या गावचे सूर ऐकू येतात. मग मागचे-पुढचे भाग आठव. उत्तरेचा आयनू आदिवासी, शामिसेन हे तंतुवाद्य वाजवत फिरणारी आंधळी सारा, कुंटणखान्यात विकलेल्या बायका, शेवटी इकित्सुकी बेटावरचे लपून राहिलेले ख्रिस्ती. शोगुनच्या राज्यात कडेला ढकललेल्यांची यादीच आहे ही. सूर्यफुलांच्या वासाचा सामुराई शोधायला मुगेन-जिनला घेऊन निघालेली फू आपल्याला नेमकी यांच्याच दारांवरून नेते. बीबॉप हे करतच नाही. तिने करायला हवं होतं असंही नाही. हे तुझ्या पहिल्या खर्ड्यात अर्ध्या परिच्छेदात होतं, कच्चं होतं, पण तुझं होतं. तेच तू खोडलंस.

तुलना करूच नको असं मी म्हणत नाहीये, उगाच तसा अर्थ काढू नकोस. नंतर कर. पानाच्या तळाशी कर. दोष काढायचे तर चाम्पलूचेच काढ: मधले काही भाग ढिले आहेत, बेसबॉलचा भाग मला आजही पोरखेळ वाटतो (तुला आवडलाय, माहितीये), आणि शेवटच्या तीन भागांतले खलनायक अचानक टपकल्यासारखे येतात. यातलं एकही सांगायला स्पाइक लागला का?

आणि हो, मला स्वतःला बीबॉपच जास्त आवडते. तिची संगीतकार योको कान्नो, तिच्या जॅझपुढे मी आजही पाघळतो. तेव्हा चौथ्या भागावर मी थांबलो यात थोडं तथ्य होतंच... नाही, जाऊ दे. नव्हतं.

तिसरा खर्डा रविवारपर्यंत पाठव. गुण लिहू नकोस. मुगेन आणि जिन पहिल्यांदा भिडतात त्यावर एक पान हवंय, बाकी काही नाही.

तुझा,
काका